शेवंतीबाईचा कच्चा काजू

मंडळी, बसून घ्या. मागच्यांना ऐकू येतंय ना? पेटीवाले, सूर थोडा खाली राहू द्या. आज मला गाण्यापेक्षा बोलायचं जास्त आहे.

एक प्रश्न आहे. समजा, एक माणूस खोटं बोलत नाही. एक अक्षरसुद्धा नाही. फक्त समोरच्याचा गैरसमज झालाय, तो याला दिसतो, आणि हा गप्प बसतो. तर मंडळी, हे पाप झालं का? आणि झालं असेल, तर कुणाच्या माथी? ज्यानं चुकीचा शब्द लिहिला त्याच्या, ज्यानं तो वाचून खरा मानला त्याच्या, की ज्याला सगळं ठाऊक होतं आणि ज्यानं तोंड उघडलं नाही त्याच्या?

लगेच उत्तर देऊ नका. मघाशी खांबाजवळच्या आजोबांनी मान हलवली. ती उत्तर म्हणून हलवली की झोपेनं, हे मला समजलं नाही. आजोबा, असू द्या. तुमचं उत्तर मी धरलेलं नाही.

उत्तर मीही देणार नाही. उत्तर देईल शेवंतीबाई गवस.

तुम्ही म्हणाल, ही कुठल्या पुराणातली? कुठल्याच नाही. ही तळकोकणातली, कुंभवळ नावाच्या गावातली. वय पन्नाशीच्या आसपास, नवरा गेलेला, घरी ती एकटी. बावीस वर्षं एकच काम: गावातल्या काजूच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. सकाळी पेटवायचा, वाफ धरायची, वाफ सोडायची. ती मालवणीत बोलायची. मी तुमच्या बोलीत सांगतो, नाहीतर अर्धं कीर्तन अर्थ सांगण्यातच जाईल.

आता तुम्ही घाटावरची माणसं. काजू पाकिटात उगवतो असं तुमच्यातल्या निम्म्यांना वाटतं. तसं नसतं. काजूची बी असते, तिला जाड टरफल असतं, आणि त्या टरफलात काळं तेल असतं. ते तेल अंगाला लागलं की कातडी भाजून निघते. फोड येतात, साल जाते. त्यात आपला गर बसलेला असतो, पांढरा, गोड, साधा. मग त्याला बाहेर काढायचं कसं? तर बी आधी वाफेत शिजवायची. मग निवू द्यायची. मग फोडायची. मग आतला गर गरम हवेच्या खोलीत कित्येक तास वाळवायचा, तेव्हा वरची तांबूस साल सुटते. तेव्हा कुठे तो पांढरा काजू तुमच्या शिऱ्यावर येऊन बसतो.

म्हणजे दोनदा तापला. एकदा वाफेत, एकदा भट्टीत.

आणि पाकिटावर काय लिहितात? ‘कच्चा काजू’.

हसू नका. यात कुणाला फसवायचं असतं असंही नाही. मीठ लावून भाजला तर तो भाजका, आणि न भाजता तसाच विकला तर तो कच्चा. धंद्याची बोली आहे ती. धंदेवाल्यांना कळते, आपल्याला कळते असं आपल्याला वाटतं.

त्याच कुंभवळ गावात गोपीनाथ तेंडोलकर नावाचे गुरुजी. प्राथमिक शाळेत चौतीस वर्षं शिकवलं. शेवंतीला अक्षरओळख त्यांनीच करून दिली. चौथीनंतर ती शाळेत गेली नाही, पण गुरुजींकडे जायची थांबली नाही. दर गुरुवारी कामावरून सुटली की त्यांच्याकडे. परसातली केळी न्यायची, शहाळं न्यायचं, अर्धा तास बसायचं. गुरुजींच्या पत्नी वारल्या, तेव्हापासून तर नेमानं.

गुरुजींना एकच मुलगी, शर्वरी. दिली सावंतवाडीत. घर चांगलं, जावई भला. पण शर्वरीची दोन बाळंतपणं अर्ध्यात गेली. दोन्ही वेळेला सहाव्या महिन्यात. तिसऱ्यांदा दिवस राहिले, आणि गुरुजींनी कुणाला न विचारता नवस बोलला. बाळ सुखरूप मांडीवर येईपर्यंत अग्नी लागलेलं काही खाणार नाही. श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून.

आता गुरुजी म्हणजे मास्तर माणूस. नवससुद्धा अभ्यासाला घेतल्यासारखा घेतला. भात गेला, भाकरी गेली. पोहे? पोहे करताना भाजतात. सोडले. गूळ? उकळतात. सोडला. साखर? तीच गत. मीठ उन्हात पिकतं, ते ठेवलं. मनुका उन्हात वाळतात, त्या ठेवल्या. चहा सोडला.

हं, इथं बऱ्याच जणांचा चेहरा पडला. चहा सोडला म्हटल्यावर तुम्हाला नवसाचं वजन कळलं.

राहिलं काय? फळं, ओला नारळ, भिजवलेले मूग, मनुका आणि काजू. प्रत्येक गोष्ट त्यांनी चौकशी करून निवडली. एका काजूची चौकशी केली नाही. का? तर त्यावर छापलेलं होतं. त्यांच्या पिढीचा छापलेल्या शब्दावर फार विश्वास. आयुष्यभर मुलांना तेच सांगितलं, पुस्तकात बघ.

पहिल्या गुरुवारी गुरुजींनी शेवंतीला नवसाचं सांगितलं. दुसऱ्या गुरुवारी ती गेली. गुरुजी ओसरीवर बसलेले, पुढ्यात वाटी, वाटीत भिजवलेले काजू. बाजूला पाकीट.

“बस, शेवंती,” गुरुजी म्हणाले. “तुझ्याच कारखान्याचा माल आहे हा. हा नसता तर मी महिनाभरात अंथरूण धरलं असतं. अग्नीवाचून इतकं पुष्टीचं मिळतं, ही देवाची दया.”

शेवंतीनं पाकीट बघितलं. ते काजू तिनंच वाफवलेले. तोंडाशी शब्द आला, ‘गुरुजी, हा शिजवलेला आहे.’ आला आणि परत गेला.

का गेला? मंडळी, तिच्या जागी बसून बघा. सांगितलं, तर नवस पहिल्याच आठवड्यात मोडला असं होणार. आणि उद्या शर्वरीला काही झालं तर? म्हातारा माणूस म्हणेल, माझ्यामुळे गेलं. की म्हणेल, शेवंतीच्या कारखान्यामुळे गेलं? तिनं केळी ठेवली आणि म्हणाली, “पाऊस जास्त आहे यंदा.”

हे तिचं पहिलं मौन.

दुसऱ्या दिवशी ती मालकाकडे गेली. मालक अच्युतशेठ शिरोडकर. बरा माणूस. बायांना पगार वेळेवर, सणाला साडी, कुणाला वेडंवाकडं बोलणं नाही.

शेवंती म्हणाली, “शेठ, पाकिटावर कच्चा असं का लिहितो आपण?”

“भाजलेला नाही म्हणून.”

“पण शिजवलेला आहे.”

“वाफवलेला आहे. खरा कच्चा विकला तर लोकांची तोंडं सोलून निघतील.”

“मग वाफवलेला असं लिहा.”

अच्युतशेठनं चष्मा काढून पुसला. “शेवंती, वाफवलेला लिहिलं तर गिऱ्हाईक मोदक समजेल. मुंबईच्या व्यापाऱ्याला कच्चा हाच शब्द हवाय. सगळे तेच लिहितात. यात मी खोटं काय बोललो, सांग.”

तिला सांगता आलं नाही. गुरुजींचं नाव तिनं काढलं नाही. ती बॉयलरकडे गेली.

हे दुसरं मौन. आणि मंडळी, मौनाचं एक असतं. पहिलं जड जातं. दुसरं त्याहून हलकं. नंतर नंतर ते अंगवळणी पडतं. श्रावण गेला, भाद्रपद गेला. दर गुरुवारी शेवंती ओसरीवर बसायची, गुरुजी समोर काजू खायचे, आणि ती पावसाबद्दल बोलायची. पाऊस थांबला तेव्हा उन्हाबद्दल.

आश्विनात नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी निरोप आला. शर्वरीच्या पोटात दुखू लागलं, इस्पितळात ठेवलंय. सातवा महिना लागला होता. दोन दिवस काही कळेना. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, सध्या धोका टळलाय, घरी न्या, पण पडून राहायचं.

शेवंती गुरुजींकडे धावत गेली. गुरुजी देवासमोर बसलेले. अंगावर मांस राहिलं नव्हतं. ते म्हणाले, “मी घाबरलो नाही, शेवंती. माझ्याकडून कणभर चूक झालेली नाही. देव बघतोय.”

या वाक्यानं तिची झोप गेली. आपण गप्प बसलो म्हणून त्या पोरीच्या पोटात दुखलं, असं तिच्या मनानं घेतलं. आता शहाणपणाची गोष्ट कोणती? सरळ जाऊन सांगायचं. पण दोन महिने न सांगितलेली गोष्ट तिसऱ्या महिन्यात सांगायला दुप्पट बळ लागतं. तिनं दुसरी वाट शोधली. तिनं ठरवलं, न सांगताच दुरुस्त करू. गुरुजींना खरोखरीचा कच्चा काजू खायला घालू, म्हणजे आजपासून तरी नवस खरा होईल.

तिला वाटलं, चैत्रात आपण ओले काजूगर सोलतोच की. हाताला चीक लागतो, राखेनं निघतो. वाळलेल्या बीचंही तसंच करू. बावीस वर्षं बॉयलरवर काढलेली बाई, टरफलातलं तेल काय करतं हे तिच्याइतकं कोण जाणत होतं? पण चूक झाकायला निघालेला माणूस आपल्याला काय ठाऊक आहे ते बाजूला ठेवतो.

रविवारी सुट्टीच्या दिवशी न शिजवलेल्या बिया घेऊन ती मागच्या पडवीत बसली. हाताला खोबरेल चोपडलं, वर राख. विळ्यानं बी फोडायची. शिजवलेली बी सरळ दोन भाग होते. ही होईना. दाबली की तेलाची चिळकांडी उडायची. मनगटावर, कोपरावर, एकदा गालावर. गर निघाला तर त्याची साल सुटेना. नखानं खरवडली. प्रत्येक गर फडक्यानं पुसला. संध्याकाळपर्यंत ओंजळभर काजू झाले आणि बोटं सुजली.

सोमवारी बोटांना फोड आले. तिनं चिंध्या गुंडाळल्या आणि ते काजू गुरुजींच्या बरणीत ओतले. आधीचे काढून घेतले. गुरुजी आंघोळीला गेले होते. जन्मात पहिल्यांदा तिनं त्या घरातल्या वस्तूला न विचारता हात लावला.

मंगळवारी सकाळी ती कामावर जाता जाता डोकावली. गुरुजी ओसरीवर बसलेले, उपरणं तोंडाला लावून. उपरणं काढलं तर ओठ सुजून बाहेर आलेले, जिभेवर फोड, हनुवटीची साल गेलेली. बोलता येईना. श्वास मात्र नीट होता, देवाची कृपा.

तिनं रिक्षा बोलावली आणि त्यांना सावंतवाडीच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी गुरुजींचं तोंड बघितलं. मग शेवंतीचे हात बघितले. म्हणाले, “दोघांनी एकच काय खाल्लं?”

शेवंती म्हणाली, “त्यांनी खाल्लं. मी सोललं.”

“काजू? न शिजवलेला?”

“हो.”

गुरुजींनी टेबलावरचा कागद ओढला. खिशातलं पेन काढलं आणि सुंदर अक्षरात लिहिलं, ‘मी कच्चाच काजू खातो. श्रावणापासून रोज.’

डॉक्टरांनी वाचलं. म्हणाले, “गुरुजी, रोज खाल्ला असता तर रोज माझ्याकडे आला असता. बाजारातला कच्चा काजू कच्चा नसतो. तो वाफवलेला असतो.”

मंडळी, गुरुजींनी डॉक्टरांकडे बघितलं नाही. त्यांनी मान वळवून शेवंतीकडे बघितलं.

आणि शेवंती बोलली. उभ्यानं, चिंध्या गुंडाळलेले हात पोटाशी धरून. “खरं आहे, गुरुजी. तो मीच वाफवते. पहिल्या पाकिटापासून सगळा शिजवलेला होता. मला पहिल्या दिवशी कळलं. मी बोलले नाही. आता नवस खरा व्हावा म्हणून मी तुमच्या बरणीत हे घातले.”

डॉक्टर औषध लिहीत राहिले. तेही माणूसच, कुठे बघावं त्यांना कळेना.

तिथून गुरुजींना शर्वरीच्या घरी नेलं. शर्वरी पलंगावर पडलेली. बापाचं तोंड बघून उठायला लागली, नवऱ्यानं धरलं. शेवंतीनं तिलाही सगळं सांगितलं, नवसासकट. कारण शर्वरीला नवसच ठाऊक नव्हता. बाबा वयामुळे वाळले असं तिला वाटत होतं.

शर्वरी रडली नाही. चिडली. आणि शेवंतीवर नाही, बापावर चिडली.

“माझ्या नावानं उपाशी राहिलात आणि मला विचारलं नाहीत? माझं तिसरं बाळ हाताशी येतंय, आणि मी बाप घालवून बसायचं का? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?”

गुरुजींनी कागदावर लिहिलं, ‘देव.’

“देवानं तुम्हाला सांगितलं, तर मलाही सांगितलं असतं. आई तर मीच आहे ना?”

गुरुजींनी पेनाला टोपण लावलं. शर्वरीनं नवऱ्याला पेज करायला सांगितली. गार केलेली पेज आली, मऊ, मीठ घालून. गुरुजींनी बराच वेळ वाटी धरून ठेवली. मग प्यायले. प्रत्येक घोटाला तोंडात आग होत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. आगीचं होतं की आणखी कशाचं, ते विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

शेवंती निघाली. दारात गुरुजींनी तिला थांबवलं आणि कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, ‘नवस मोडल्याचं मी देवाशी बघून घेईन. पण दोन महिने तू माझ्यासमोर बसून मला खाताना बघत होतीस.’

तिनं तो वाचला, घडी केली आणि बसमध्ये बसली. हे वाक्य तिच्या हातांच्या फोडांपेक्षा जास्त दिवस दुखलं, असं तिनंच मला सांगितलं.

आता ऐका पुढे काय केलं.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर कारखान्यात गेली आणि बॉयलरशेजारच्या बाकावर बसली. पेटवला नाही. आठ वाजले. बी फोडणाऱ्या बाया येऊन थांबल्या. नऊ वाजले. अच्युतशेठ आले.

“शेवंती, वाफ का नाही?”

“आपण कच्चा विकतो ना, शेठ? मग पेटवू कशाला?”

“भांडायला आलीस की कामाला?”

“कामाला. पाकिटावर लिहिलंय तसं काम.”

अच्युतशेठ काही बोलणार, तेवढ्यात तिनं हातावरच्या पट्ट्या सोडल्या आणि हात पुढे केले. “हा कच्चा काजू आहे, शेठ. माझे हात आहेत, ते बरे होतील. गुरुजींचं तोंड याहून वाईट आहे. ते पाकीट वाचून खात होते. नवस होता त्यांचा, अग्नी न लागलेलं खायचं. मला ठाऊक होतं, मी बोलले नाही. माझं मी भोगीन. तुमचं तुम्ही बघा.”

अच्युतशेठही त्याच गुरुजींच्या हाताखाली शिकलेले. ते गाडी काढून सावंतवाडीला गेले. गुरुजींशी काय बोलणं झालं, मला माहीत नाही. गुरुजींना बोलता येत नव्हतं, म्हणजे बोलणं एकाच बाजूनं झालं असणार. दुपारी परत आले आणि म्हणाले, “पेटव आता. नवीन पाकिटं छापायला टाकतो.”

नव्या पाकिटावर आलं, ‘वाफवून सोललेला, न भाजलेला काजू’. लांबलचक. मुंबईच्या व्यापाऱ्यानं माल नाकारला. मग अच्युतशेठ त्याला बिनछापाच्या पिशव्यांत माल देऊ लागले. तो त्यावर काय छापतो, देव जाणे. सगळं चोख झालं असं मी सांगणार नाही. कुंभवळच्या पाकिटापुरतं झालं. आणि हो, एकानंही मोदक समजून घेतला नाही.

मार्गशीर्षात शर्वरीला मुलगी झाली. दोन आठवडे आधी, वजनानं कमी, पण रडायला खणखणीत. नवस पाळला म्हणून झाली की मोडला म्हणून, हे मला विचारू नका. देवानं मला कळवलेलं नाही. डॉक्टरांनी काळजी घेतली, शर्वरी दोन महिने पडून राहिली, एवढं मात्र प्रत्यक्ष पाहणाऱ्या माणसांकडून मी ऐकलंय.

गुरुजी बरे होऊन गावात आले. शेवंती गुरुवारी जायची, केळी ओसरीवर ठेवायची. गुरुजी आत असायचे. बाहेर यायचे नाहीत. तोंड कधीच बरं झालं होतं. पाच गुरुवार असे गेले. ती ठेवायची, निघायची. रागवायची नाही, रडायची नाही.

सहाव्या गुरुवारी गुरुजी ओसरीवर बसलेले होते. म्हणाले, “परवा बारसं आहे. तू ये.”

“येते.”

“काजू आण. बारशाच्या शिऱ्याला लागतील.”

शेवंती उंबऱ्याशीच थांबली. म्हणाली, “गुरुजी, वाफवलेले आहेत. भट्टीतही वाळवलेत.”

“ठाऊक आहे,” गुरुजी म्हणाले. “तू सांगतेस का, तेवढं बघत होतो. आत ये, बस.”

ती आत जाऊन बसली.

तर मंडळी, प्रश्न काय होता? ज्यानं लिहिलं, ज्यानं वाचलं, ज्याला ठाऊक होतं. कुणाच्या माथी? शेवंतीनं वाटणी केली नाही. आपल्या वाट्याचं उचललं आणि शेठच्या पुढ्यात त्याचं त्याला दाखवलं. मला एवढंच उत्तर सापडलं. तुम्हाला याहून सोपं सापडलं तर मला कळवा, मी पुढच्या गावात सांगेन.

आता तुमच्याकडे बघतो. शेवंतीला नावं ठेवणं सोपं आहे. दोन महिने गप्प बसली म्हणे. तुम्ही किती वर्षं बसलात? भावाला वाटतंय, वडिलांच्या शेवटच्या आजारात सगळ्यांनी सारखी सेवा केली. तुम्हाला ठाऊक आहे कुणी केली. सुनेला वाटतंय, सासूबाई आपल्यावर नाराज आहेत. तुम्ही घरातच असता, तुम्हाला ठाऊक आहे त्या तिचं कौतुक शेजारणीपाशी करतात. म्हातारी आई विचारते, मुलगा फोन का करत नाही. तुम्ही सांगता, त्याला काम फार असतं. खोटं एक अक्षर नाही. सगळं व्यवस्थित. आणि समोरचा माणूस रोज तुमच्या गप्प बसण्यावर दिवस काढतोय.

आणि दुसरं. न सांगता दुरुस्त करायला जाऊ नका. फोड येतात, दुसऱ्याच्या तोंडाला.

आता टाळ उचला. आज नामस्मरण आपण सावकाश करू, मोठ्यानं करणार नाही. ज्याला काही सांगायचं तुमच्याकडून राहिलंय, तो माणूस कदाचित तुमच्याच शेजारी मांडी घालून बसला असेल. त्याच्याकडे वळून बोलायचं असेल, तर खुशाल बोला. देवाला राग येणार नाही. माझीही हरकत नाही. मी थांबतो.